शेठ, जागा निघाल्यात!

सांगते, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा मंजिरीच्या नाकातून चहा आला होता, आणि टेबलक्लॉथ माझा होता.

मी राहते खारघरला आणि नोकरी करते विचुंब्याला, एका बिल्डरच्या ऑफिसात. पदाचं नाव मोठं झकास आहे, ॲडमिन एक्झिक्युटिव्ह. म्हणजे काय? म्हणजे बिलं, फायली, पाण्याचे जार, आणि शेठचा चष्मा हरवला की तो शेठच्याच डोक्यावरून काढून देणं.

आता नोकरीसोबत माणसाला काहीतरी दुखणं असतंच. कुणाला बीपी असतं, कुणाला शुगर. मला राज्यसेवा आहे.

कितवा अटेम्प्ट ते विचारू नका. हा शेवटचा, एवढंच सांगते. पुढच्या वर्षी मी वयात बसत नव्हते. पूर्व परीक्षा निघाली तर निघाली, नाहीतर आयुष्यभर पाण्याचे जार मोजायचे!

आणि गोची कसली होती, सांगू? रविवारची. बिल्डरच्या ऑफिसला सुट्टी बुधवारी, कारण रविवारी लोक सहकुटुंब फ्लॅट बघायला येतात. सरकार मात्र परीक्षा रविवारीच घेतं. त्यातून नेमक्या त्याच रविवारी आमच्या नव्या टॉवरचं बुकिंग उघडणार होतं! त्या दिवशी सुट्टी मागायची म्हणजे वाघाच्या तोंडातलं हाड मागायचं. शिवाय आमच्या आधीच्या अकाउंटंटनं एकदा अभ्यासाला सुट्टी मागितली होती. शेठ म्हणाले, "आबास करायचाय? मंग कायमचाच कर." तो अजून करतोय.

म्हणून ऑफिसात मी अवाक्षर काढलं नव्हतं. पण बातमी पोटात ठेवायची म्हणजे किती ठेवायची! परीक्षेला महिना राहिला आणि मंजिरीचा फोन आला. मंजिरी म्हणजे माझी अभ्यासातली पार्टनर. मी पॅसेजमध्ये गेले आणि चेकाळलेच.

"काय सांगतेस! जागा वाढल्या? आणखी निघाल्यात? अगं, मग ह्या वेळी चान्स आहे! तू आता फक्त पूर्वकडे लक्ष दे. पूर्व हातात आली की मुख्यचं बघू. आणि हे बघ, आमच्या शेठना कळता कामा नये हं!"

मागे वळले, तर शेठ. डोक्यावर चष्मा, हातात मोबाइल, आणि चेहऱ्यावर असं काही की जणू मी त्यांच्या ताटातली सुरमई पळवली.

"बाय," शेठ म्हणाले, "केबिनमदी ये."

आमचे बाळाराम शेठ म्हणजे मूळचे विचुंब्याचे. वडील भातशेती करायचे, शेठ टॉवर पेरतात. मनानं मोठा माणूस, पण त्यांच्यापासून काही लपवलेलं त्यांना खपत नाही. मी केबिनमध्ये शिरले.

"जागा निंगाल्या म्हंतस. नि आमाला सांगलास नाय?"

संपलं! कळलं ह्यांना!

"शेठ, सांगणारच होते."

"कवा? सगल्या भरल्यावं?"

"तसं नाही शेठ…"

"किती निंगाल्या?"

मी जरा चपापले. शेठना इंटरेस्ट? म्हटलं, माणूस बदलतो. "गेल्या वर्षीपेक्षा बऱ्या आहेत शेठ. पण मागणारे लाखो आहेत."

"ते तं आसनारच. विमानतल झाल्यावं सगलंच जग इथं आलाय." शेठनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "नि तू म्हंतस, पयली पूर्व?"

"आधी पूर्वच शेठ. मुख्यचं त्यानंतर."

शेठ खुर्चीत मागे टेकले. डोळे मिटले. "बराबर बोललीस. पूर्वेला आजून कोनी भाव देत नाय."

"तेच तर!" मी टेबलावर हात आपटला. "सगळे मुख्यच्या मागे धावतात आणि पूर्वमध्ये आपटतात!"

आता तुम्ही म्हणाल, बाई, पनवेलमध्ये राहून तुला एवढंही कळू नये? जिथे रिक्षावालासुद्धा मीटरआधी गुंठ्याचा भाव सांगतो, तिथे 'जागा' म्हटल्यावर माणूस काय समजेल? अहो, पण मी अभ्यासात बुडालेली! 'जागा' म्हटलं की मला तहसीलदाराची खुर्ची दिसायची. शेठना दिसला प्लॉट. मला पूर्व म्हणजे परीक्षा, त्यांना पूर्व म्हणजे नवीन पनवेलची बाजू, आणि मुख्य म्हणजे हमरस्ता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो आणि आपापल्या स्वप्नात निघून गेलो.

"तुजा आबास दांडगा हाय," शेठ म्हणाले.

खोटं नाही सांगत. इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं, घरात आईनंसुद्धा नाही. "अभ्यासाला वेळच मिळत नाही शेठ," मी बोलून गेले.

"आजपासून दुपारचा काम बंद. सँपल फ्लॅटमदी एसी हाय, तिथं बसून आबास कर. कोनाला बोलू नको."

घ्या! महिनाभर मी सँपल फ्लॅटमध्ये राज्यघटना वाचली. टेबलावर प्लॅस्टिकची सफरचंदं, भिंतीवर पुठ्ठ्याचा टीव्ही, शेल्फवर आतून पोकळ पुस्तकं, आणि मध्ये भरीव अशी मी एकटीच. गिऱ्हाइकं आली की आमचा सेल्सवाला त्यांना आत आणायचा आणि माझ्याकडे हात करून सांगायचा, "आणि ही स्टडी रूम." एका काकूंनी तर विचारलं, "ह्या फ्लॅटबरोबरच मिळतात का?"

शेठ अधूनमधून डोकवायचे. "कसा काय चाललाय?"

"इतिहास झाला शेठ. आता भूगोल बघतेय."

"बराबर. जागेचा इतिहास पयला बगावा. मागं वाद नको."

मला वाटलं, माणूस विनोदी आहे. मी हसले. तेही हसले. किती छान चाललं होतं हो सगळं!

मग मी धीर करून रविवारचं काढलं. "शेठ, बुकिंगच्या रविवारी मला सुट्टी लागेल. त्याच दिवशी पूर्व आहे."

"म्हंजे त्या दिशी काय ते नक्की व्हनार?"

"हो शेठ. आरपार."

"मंग बुकिंग आमी बगू. तू माजी गाडी घेऊन जा. डायवर देतो."

अहो, ती पांढरी मोठी गाडी! तिच्यात शेठ त्यांच्या व्याह्यांनाही बसवत नाहीत. मी घरी जाऊन आईला सांगितलं, "आई, माणसात देव असतो." आई म्हणाली, "नीट चौकशी कर." आयांचं हे असंच असतं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. करायला नको होतं.

परीक्षेच्या आदल्या गुरुवारी शेठ म्हणाले, "सांजंला घरी ये. गावची चार मानसा बसवलीत. त्यांना पन जागांचा नीट समजाव. एकट्यानं खाल्लेला पचत नाय."

मी तर विरघळलेच. गावातल्या मुलांसाठी मार्गदर्शन शिबिर! काठापदराची साडी नेसले आणि भाषण पाठ केलं. शेठच्या बंगल्याच्या हॉलमध्ये पाय टाकला, तर समोर सगळे आजोबा. पांढऱ्या टोप्या, पांढऱ्या मिश्या, आणि प्रत्येकाच्या मांडीवर कागदांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. मुलगा एकही नाही! मला वाटलं, पालक असतील. मुलं क्लासला गेली असतील.

केली सुरुवात. "मंडळी, जागा मोजक्या आहेत. जो आज झोपला, त्याची जागा गेली!"

"आमची तं जागेपनीच गेली," कोपऱ्यातले नामाआजा म्हणाले. "बाय, मना येक सांग. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना कय हाय का नाय?"

"आहे ना! प्रकल्पग्रस्तांना राखीव जागा आहेत!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! दोघांनी तर टोप्या काढून पुन्हा घातल्या.

"महिलांनाही राखीव आहेत," मी आणखी रंगात आले.

"आरं, मंग म्हातारीच्या नावावं घे!" एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं.

"फक्त वयाची अट आहे."

हॉलमध्ये एकदम कालवा झाला. "वय? जमीन घेताना वय इचारलवता काय?"

मी नामाआजांना समजावलं, "आजोबा, तुम्ही कशाला त्रास घेता? नातवाला बसवा."

"बसवतो ना! उद्याच झोपडी बांधून बसवतो! पन कंपाउंड कोन घालनार?"

इथे मी थांबायला हवं होतं की नाही? पण भाषण पाठ केलेलं होतं हो, आणि पुढचा मुद्दा जिभेवर आला होता.

"नातू ग्रॅज्युएट मात्र पाहिजे. आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापतात."

नामाआजांनी हळूच शेठकडे पाहिलं. "बाला, जागेला मार्क कसलं रं?"

तेवढ्यात 'फुस्स' असा आवाज झाला. शेठची सून शीतल चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, आणि तोंडावर पदर धरला तरी हसू काही मावत नव्हतं. "बाबा," ती म्हणाली, "अहो, ह्या ताई परीक्षेबद्दल बोलतायत! तहसीलदाराच्या नोकरीच्या जागा!"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी शेठकडे. मग आजोबांच्या पिशव्यांकडे. त्यातून डोकावणारे सातबारे मला तेव्हा कुठे दिसले! जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण विचुंब्यात सगळीकडे फरशा.

"म्हंजे पूर्व ही…"

"परीक्षा, शेठ."

"नि आयतवारी…"

"परीक्षाच, शेठ."

"नि यो मयनाभर माजा एसी…"

मी मान खाली घातली. गेली सुट्टी, गेली गाडी, गेली नोकरी आणि गेला शेवटचा अटेम्प्टही. डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. "शेठ, पुढच्या वर्षी मला बसता येणार नाही हो," एवढंच म्हणू शकले.

नामाआजा खाकरले. "बाला, पोरीनं खोटा कय सांगला? जागा बोलली, जागाच हायती. तुजाच डोका पलाटात. नि आपल्याला पन जरा आवडलाच ना आयकाया?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं, मग दुसरं, मग सगळेच. शेठ हसायचे थांबले तेव्हा त्यांना डोळे पुसावे लागले. आणि त्या गोंधळात शीतलनं ट्रे खाली ठेवून घाईघाईनं सांगून टाकलं, "बाबा, मी पण फॉर्म भरलाय. चोरून."

शेठचा आ वासलेलाच राहिला. "माज्या घरात कोन सरल बोलता का नाय?" पण रविवारी सकाळी पांढरी गाडी आली, आणि तीत आम्ही दोघी होतो. बुकिंगच्या नावानं त्यांनी एका शब्दानंही अडवलं नाही. गाडीत मी शीतलला सगळ्या युक्त्या सांगितल्या. अनुभव दांडगा ना माझा!

निकालाच्या दिवशी वेबसाइट नुसती गोल गोल फिरत होती. माझी तर बघायची छातीच होत नव्हती. तेवढ्यात शेठ पेढ्यांचा पुडा नाचवत ऑफिसात शिरले. "बाय! निंगाली! पूर्व निंगाली!"

मी किंचाळले. शेठच्या पाया पडले. दोन पेढे एकदम तोंडात कोंबले. आईला फोन लावला, "आई, निघाली गं!" आणि तिथेच सगळ्या स्टाफसमोर, पेढ्यानं भरलेल्या तोंडानं जाहीर केलं की आता मुख्यची तयारी करायची असल्यामुळे मी नोकरी सोडत आहे, आणि पाण्याचे जार यापुढे ज्याचे त्यानं मोजावेत.

शेठ कावरेबावरे झाले. "आगो बाय, खाली बस जरा. माज्या शीतलची निंगाली. तुजा नाव पन शोधला तिनं. दोनदा."

राजीनामा तोंडी होता म्हणून वाचले. शेठ म्हणाले, "मी कय आयकलाच नाय." शीतल संध्याकाळी येऊन माझ्या गळ्यात पडून रडली, मग मीही रडले. तिची मुख्यची उजळणी आता मीच घेते, आणि पोरगी काढणार बघा.

पण आईला परत फोन करेपर्यंत उशीर झाला होता. तिनं आमच्या आख्ख्या सोसायटीत पेढे वाटून टाकले होते. सेक्रेटरींनी अभिनंदनाचा बोर्ड लावला तो दुसऱ्या दिवशी उतरवला, बायकांना खरं काय ते मी एकेकीला सांगितलं. राहिला फक्त गेटवरचा वॉचमन. तो अजून मला बघितलं की ताडकन उभा राहतो, सलाम ठोकतो आणि म्हणतो, "नमस्ते, तहसीलदार मॅडम!"

त्याला खरं सांगायचं रोज ठरवते हो. पण आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी मान जराशी हलवते, सलाम घेते, आणि ऐटीत पाण्याचे जार मोजायला जाते.