मे महिन्यातला गार हीटसिंक

"बिना पंखे का चाहिए मैडम को! रोटी सेंकेंगी क्या उस पे?"

कॉम्प्युटरचा दुकानदार पार्टिशनमागे आपल्या मेकॅनिकला हळूच म्हणाला. पण लाइट गेली होती, दुकानातला पंखा बंद होता... मला स्पष्ट ऐकू आलं. पण मी तेव्हा कुठेच काही बोलत नसे.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं. कुणी भुताखेतांचं काढलं की मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायचे. तरी हे लिहितेय, कारण हे मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्याच हाताला जाणवलेलं आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. उज्जैनला माधव नगरात आमचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत बाबांची कॉट आणि तिच्या उशाशी माझा कॉम्प्युटर — दुसरीकडे जागाच नव्हती. मी घरी बसून लोकांचे थीसिस टाइप करून द्यायचे. तासन्‌तास कुणाशी बोलावं लागत नाही, असं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

पण हिवाळ्यातल्या आजारपणानंतर बाबांना बारीक, सततचा आवाज सहन होईनासा झाला. छताच्या पंख्याचं त्यांना काही वाटत नसे. प्रोसेसरवरचा तो चिमुकला पंखा मात्र किर्रर्र करत राहायचा, तो आवाज थेट त्यांच्या डोक्यात जायचा. बाबा तक्रार करत नसत. मी कॉम्प्युटर लावला की डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मुकाट्याने दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसत. मे महिन्यात. लूचा भाजणारा वारा चालू असताना.

शेवटी आई म्हणाली, "माणूस बाहेर उन्हात आणि मशीन आत सावलीत... बस झालं आता! दुकानवाल्याला निरोप दिलाय मी. रविवारी येऊन घेऊन जाईल."

म्हणून शुक्रवारी दुपारी मी फ्रीगंजला त्याच दुकानात उभी होते. मासिकात वाचलं होतं की पंखा नको असेल तर हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, मोठा हवा, पात्या पातळ आणि सुट्या हव्यात, म्हणजे गरम हवा आपोआप वर जाते. दुकानदाराने जुन्या मशिन्समधून काढलेले तीन ठोकळे काउंटरवर मांडले. सगळ्यात मोठा मी मनातल्या मनात पसंत केला. हात लावला, तर कोमट. दुकानातलं सगळंच कोमट होतं. दुसराही तसाच. तिसरा छोटा, काळा, दोन पात्या वाकलेल्या. सहज बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

गार! माठातल्या पाण्यातून आत्ताच काढल्यासारखा.

"ये फ्रिज में रखा था?"

"फ्रिज? यहाँ पीने का पानी ठंडा नहीं मिलता, मैडम!" त्याने तो तळहातावर घेतला. "गरम ही तो है. और छोटा है, दस मिनट में मशीन हँग हो जाएगी. बड़ा वाला ले जाइए."

धातू हाताला गार लागतो, एवढं मलाही कळतं. पण मग बाकीचे दोन का नाही? मी पुन्हा हात लावला. पुन्हा गार. आणि वाचलेलं सगळं बाजूला ठेवून मी तो छोटा घेतला.

घरी प्रोसेसरवरचा पंखा काढला, उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावली, ठोकळा बसवला. शनिवारी सकाळी मशीन चालू केलं. बाबा सवयीने ओट्यावर गेले. बाराच्या सुमारास दारातून डोकावले.

"बंद केलंस का?"

"नाही बाबा, चालू आहे."

ते आत येऊन कॉटवर बसले. मी दर दहा मिनिटांनी हीटसिंकला हात लावत होते. गारच! आईनेही बोट लावलं, चपापली. "महाकालाची कृपा," म्हणाली आणि देवापुढे उदबत्ती लावून आली. मला ते पटलं नाही... पण माझ्याकडे तरी दुसरं काय होतं?

पुढे ते मशीन कित्येक उन्हाळे तसंच चाललं. ओळखीच्या एका इंजिनिअरला विचारलं, तर तो म्हणाला, हा हाताचा भास. असेल. पण भास मला झाला, तर तापायला हवा होता तो प्रोसेसर का नाही तापला?

पण रविवारचं सांगायचं राहिलं.

दुपारी तीनला दुकानदार आला. काखेत रिकामं खोकं, हातात स्क्रू ड्रायव्हर. कॅबिनेटची बाजू उघडीच होती, मशीन सकाळपासून चालू होतं. तो हसत वाकला, एक बोट लावलं. हसू थांबलं. मग अख्खा तळवा टेकवला.

"अरे! ये तो बरफ है! परसों तो गरम था... कैसे किया, मैडम?"

त्याचा आवाज खोलीभर झाला. परक्या माणसाने मला काही विचारलं की उत्तर आई द्यायची, ही आमच्या घरची रीतच होती. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण त्याआधी मीच बोलले. दुकानात मी कायम हिंदी किंवा इंग्रजी बोलायचे, त्या दिवशी तोंडून मराठीच निघालं. उज्जैनचाच माणूस तो, मराठी गिऱ्हाइकांत मुरलेला, त्याला सगळं कळलं.

"कसं ते मला माहीत नाही. पण निवडला मी. हे मशीन इथून कुठेही जाणार नाही. आणि जरा हळू बोला, बाबा झोपलेत."