भोंगा सर आणि आबांचा रुमाल

भोंगा सरांनी मला फसवलं. माझ्या वडिलांची, आबांची विद्या त्यांनी स्वतःच्या नावावर खपवली, तीही आबा समोर बसलेले असताना. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे मी सरांबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगणार आहे, आणि त्या वाचून माझा राग गेला असं कुणी समजू नये.

सर नांदेडच्या एका व्यावसायिक महाविद्यालयात आम्हाला चित्रपट, टीव्ही आणि पत्रकारिता शिकवायचे. मूळचे उमरीचे. बुटकी मूर्ती आणि आवाज असा, की त्यांनी हजेरी घेतली तर रस्त्यावरचा रिक्षावाला 'हजर' म्हणतो, अशी आमच्यात चेष्टा होती; म्हणून ते भोंगा सर. रेकॉर्डिंग चालू असताना कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही, हा नियम त्यांनीच आम्हाला शिकवला. आणि तो मोडणारे आख्ख्या कॉलेजात तेवढे एकच. आमच्या आधीच्या कुठल्याही बॅचची फिल्म लावा. एखादा म्हातारा गावच्या पुराची हकीकत सांगत असतो आणि मधेच आभाळातून यावा तसा आवाज येतो, "जवळ जा रे! हात घे, हात!" म्हातारा गप्प होतो, वर बघतो आणि फिल्म संपते. त्यांना कळत नव्हतं असं नाही. समोर चांगलं काही घडलं की त्यांना राहवायचंच नाही.

मी नायगावचा. आबा बैलबाजारात हेडी, म्हणजे बैलांचे दलाल. त्यामुळे घासाघीस माझ्या अंगातच होती आणि सरांनी ती पहिल्या आठवड्यातच ओळखली. कॉलेजात धड कॅमेरा एकच होता. तो न्यायचा तर सरांशी बोलणी करावी लागत.

"दोन तास," सर म्हणाले.

"दोन तासांत नायगावला पोचणंसुद्धा होत नाही सर. दोन दिवस."

"दोन दिवस? कॅमेऱ्याशी लग्न करून राहिलास का?"

"मग दीड. आणि स्टँड सोबत."

"स्टँडचं बोलणंच झालं नव्हतं!"

"म्हणून तर आता करून राहिलो."

मी स्टँड घेऊनच निघालो. निघताना लेन्स, बॅटरी, खटके सगळं उलटंपालटं करून बघत होतो, तर मागून भोंगा वाजला, "शेठ, बैल न्हाई तो! दात काय मोजून राहिलास?" तेव्हापासून मी शेठ झालो. हेडीच्या पोराला शेठ म्हणणारा तो पहिला माणूस, हेही नोंदवून ठेवतो.

बघणाऱ्याबद्दल सरांचं एक म्हणणं होतं. "टीव्ही बघणारा जेवत जेवत बघतो. तुम्ही कितीही अक्कल पाजळा, त्याचं लक्ष ताटात. त्याचा घास हातात थांबला, तर समजा तुम्हाला काहीतरी येतं." कुणाचीही फिल्म बघताना ते स्वतः शेंगदाणे घेऊन बसायचे. हात बशीकडे जात राहिला की फिल्म पडली, असं आम्ही समजायचो. कित्येक पोरांच्या फिल्मवर सरांनी बशी रिकामी केली होती.

शेवटच्या वर्षी आम्ही किनवट तालुक्यातल्या एका निवासी शाळेवर फिल्म करायला गेलो. कॅमेऱ्यावर मी आणि शेजारी सर. शाळेत गंगामावशी नावाच्या स्वयंपाकीण होत्या. चुलीपुढे भाकरी थापता थापता त्या सांगत होत्या, "नवी पोरगी आली की लई रडते. मंग मी तिला पिठाचा गोळा देते. म्हणते, थाप. हात कामाला लागले की..."

"जवळ जा! हात घे, हात!"

मावशी दचकल्या. उठल्या आणि पिठाने माखलेला हात सरांपुढे धरून म्हणाल्या, "घ्या सर. कशाला पाहिजे?"

सरांनी कान पकडले. मावशी पुन्हा बसल्या, पुन्हा गोळा, पुन्हा नवी पोरगी, आणि पुन्हा भोंगा. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. "सर, एक तर तुम्ही तरी बोला, न्हाई तर मावशी तरी बोलतील! दोघांचा बाजार एका ठिकाणी न्हाई बसत!" सगळी पोरं गार झाली. सर मात्र पडेल चेहऱ्याने म्हणाले, "अरे, मला सांगायचं तर असतं ना तुला. खुणा केल्या तर मावशी खुणांकडंच बघतात. मग कसं सांगू?"

उन्हासाठी आबांनी दिलेला रुमाल माझ्या गळ्यात होता. मी तो काढला, कॅमेऱ्याच्या दांड्यावर टाकला आणि सरांचा हात धरून त्याखाली माझ्या हातावर ठेवला. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोन हेडी रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. मी सरांना म्हणालो, "एक बोट दाबलं की जवळ. दोन दाबली की लांब. मूठ आवळली की थांब, कॅमेरा बंद करायचा न्हाई. आणि तोंड बंद."

मावशींनी पुन्हा सुरुवात केली. रुमालाखाली एक बोट दाबलं गेलं, मी हातांवर गेलो. मावशी म्हणाल्या, "त्यातली एक आता नर्स हाय. भेटायला येते, तवा आधी भाकरी थापते." आणि त्या गप्प झाल्या. बोलणं संपलं असं समजून मी कॅमेरा बंद करणार, तोच सरांनी मूठ आवळली. माझी हाडं दुखेपर्यंत आवळली. मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगली, आणि त्या तिच्याकडे बघून अशा हसल्या, की सांगता येत नाही. फिल्ममध्ये जीव आहे तो तेवढ्याच जागी. मूठ सरांची होती, हे मी मान्य करतो. रुमाल आबांचा होता, हे मान्य करायला सरांना काय झालं होतं?

कारण पुढे असं झालं. कॉलेजात ती फिल्म दाखवली तेव्हा मी आबांना मुद्दाम बोलावलं. लहानपणी शाळेत मला 'हेडीचा, हेडीचा' म्हणून पोरांनी चिडवलेलं होतं. त्याच शब्दाला भरल्या सभागृहात मान मिळणार, असं मी आबांना सांगून ठेवलं होतं. ते परीटघडीचं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले. फिल्म सुरू झाली. त्या फुगलेल्या भाकरीपाशी सरांचा शेंगदाण्याचा हात हवेतच थांबला. मी पाहिलं. फिल्म संपल्यावर सर उठले आणि माईक बाजूला सारून गरजले, "आजपासून माझी नवी पद्धत! शूटिंगमध्ये बोलणं बंद, रुमालाखाली बोटं!"

माझी! टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या आबांनी वाजवल्या.

"आबा, आपली पद्धत हाय ती!"

"असू दे की लेका. त्या माणसाचा आवाज लई मोठा हाय. सांगू दे त्यालाच."

आबांनी सोडून दिलं, मी सोडलं नाही. आता लातुरात माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. लग्नं, जाहिराती, बातमीपट, सगळं करतो. गेल्या महिन्यात नांदेडहून शिकून आलेली प्रणाली नावाची पोरगी कामाला ठेवली. पहिल्याच मुलाखतीला तिने ओढणी काढून कॅमेऱ्याच्या दांड्यावर टाकली आणि मला म्हणाली, "हात द्या ना सर. ही भोंगा सरांची पद्धत आहे. तुम्हाला माहीत नसेल."

मला माहीत नसेल! दुसऱ्या दिवशी नायगावहून आबांना गाडीत घातलं आणि थेट सरांचं घर गाठलं. सर आता निवृत्त झालेत. दार काकूंनी उघडलं. "या. पण ह्यांचा गळा बसलाय. डॉक्टरांनी सांगितलंय, महिनाभर एक शब्द बोललात तर आवाज कायमचा जाईल. इतकी शांतता झाली की शेजारचे काळजीने विचारून गेले."

"काकू, मी भांडायला आलोय."

"मग चहा घेऊन भांडा. पण एकट्यालाच भांडावं लागेल."

मी भांडलो. किनवटपासून प्रणालीपर्यंत सगळं काढलं. सर खुर्चीत बसून ऐकत होते. तोंड उघडायचं, मिटायचं. त्यांना इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर भांडणाला मजाही येईना. शेवटी म्हणालो, "एकदा आबांचं नाव घेतलं असतं, तर तुमचं काय गेलं असतं सर?"

सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते आबांकडे वळले आणि हात पुढे केला. आबांनी सावकाश डोक्याचा रुमाल सोडला, दोघांच्या हातांवर टाकला आणि बोलणी सुरू झाली. सरांना येतात त्या तीन खुणा, आबांना येतात ते बैलांचे भाव. तरी दोघांची बोटं रुमालाखाली हलत होती. मधेच आबांनी नकारार्थी मान हलवली. सरांनी पुन्हा दाबलं. आबा हसायलाच लागले. सर आवाज न करता हसत होते आणि डोळे पुसत होते. काकू कपबशा घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

परतीच्या वाटेवर गाडीत मी विचारलं, "आबा, काय ठरलं?"

"रुमालाखालचं कुणाला सांगत नसतेत."

"अहो, पण तक्रार माझी होती!"

"मिटली ती," आबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांचं डोकं बोडकं होतं. उभ्या जन्मात ज्यांनी बाजारात रुमाल कुणाच्या हाती दिला नाही, ते तो सरांच्या खांद्यावर ठेवून आले होते.

कुणाला विचारून? भांडण माझं, गाडी माझी, आणि सौदा ह्या दोघांनी परस्पर करून टाकला. आबा तर काही बोलणार नाहीत. सर, महिना संपत आलाय. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिलं वाक्य काकूंशी नाही, शेजाऱ्यांशी नाही, माझ्याशी बोलायचं. त्या रुमालाखाली माझ्या आबांना तुम्ही काय दिलंत, याचं उत्तर मला पाहिजे. आणि ते मोठ्याने पाहिजे, इथे लातुरापर्यंत ऐकू येईल असं.