इलेक्ट्रॉन बघणाऱ्या मॅडम

“गणित न्हाई म्हणतंय.” एवढं बोलून मॅडम ओढणीच्या टोकाने चष्मा पुसायला लागल्या की आम्ही समजायचो, वाद संपला.

आमच्या चाकणच्या कंपनीत बॅटरीसाठी लागणारी पूड बनते. खालच्या लॅबमध्ये आम्ही निरनिराळे पदार्थ मिसळून भट्टीत भाजायचो. वरच्या खोलीत मॅडम तेच आधी कॉम्प्युटरवर मांडून बघायच्या. अमक्या पदार्थातून इलेक्ट्रॉन सुरळीत जातील की वाटेत अडकतील, हा त्यांचा विषय. पीएचडी झालेल्या, परदेशात राहून आलेल्या. पण घर राजगुरुनगरजवळचं, जुन्या शेतकऱ्याचं. इंग्रजी अस्खलित बोलायच्या. मराठी मात्र थेट बांधावरची, आणि ती बदलावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांच्या आईला लेकीच्या कामाचा भारी संशय. तो संवाद मॅडमच आम्हाला जेवताना ऐकवायच्या.

“कंपनीत काय करतीस गं?”

“इलेक्ट्रॉन कुठं जात्यात ते बघते.”

“दिसत्यात का?”

“न्हाई.”

“मग बघतीस काय?”

“याचं उत्तर माझ्या गाईडलाबी जमलं नसतं,” असं म्हणून मॅडम भाकरी मोडायच्या.

तुमच्याही ओळखीत असतील अशी माणसं, ज्यांना खोटं बोलायचा आळस असतो. आमच्या मोठ्या साहेबांची त्यामुळे पंचाईत झाली. त्यांनी एका नव्या पुडीवर जीव लावला होता. इतका, की तिला नातीचं नाव दिलं होतं, शर्वरी. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावत होते. मॅडम म्हणाल्या, “साहेब, शर्वरी चालायची न्हाई.”

साहेब दचकलेच. मग सावरून म्हणाले, “मॅडम, पुन्हा काढून बघा. थोडं ॲडजस्ट होईल.”

“साहेब, गणिताला माझी वळख न्हाई आन् तुमचीबी न्हाई. चार्ज करून करून ती आतनं बदलणार. मग इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकणार.”

साहेबांनी तरीही पूड भाजायला लावली. आणि काय सांगू, पहिल्या चाचणीत शर्वरी झकास चालली! साहेबांनी पेढे वाटले. मॅडमच्या पुढे बॉक्स धरून जरा मोठ्यानेच विचारलं, “काय मॅडम?”

त्यांनी पेढा खाल्ला. “पेढा चांगला हाय,” म्हणाल्या.

त्यानंतर कँटीनमध्ये लोक त्यांना ज्योतिषीबाई म्हणायला लागले. त्या हसायच्या, पण डबा आपल्या खोलीतच खायला लागल्या.

पुढे रोज चार्ज करता करता शर्वरी मरगळत गेली आणि एका सकाळी पार बसली. मी जिने चढत वर गेलो. म्हटलं, खूश होतील.

“मॅडम, तुमचं बरोबर निघालं.”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मधल्या सगळ्या दिवसांत त्या तेच गणित पुन्हा पुन्हा मांडत होत्या.

“भाऊ, कुठंतरी चुकले असीन म्हणून शोधत व्हते. साहेबांची लई आशा व्हती.”

दुपारी साहेब स्वतः वर आले. दारातच उभे राहिले. “मॅडम, आता?”

“बसा. थोडा दुसरा धातू घातला तर व्हय म्हणतंय.”

ते मात्र जमलं. नव्या पुडीला काय नाव द्यायचं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मॅडम घाईघाईने म्हणाल्या, “नंबर द्या. नातेवाईक नको.”

वर्षभराने त्या दूरच्या एका संशोधन संस्थेत गेल्या. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला खाली लॅबमध्ये आल्या. मी त्यांच्या पुडीची बाटली हातात दिली. इतक्या दिवसांत त्यांनी ती पाहिलीच नव्हती. खिडकीशी नेऊन त्यांनी ती उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली.

“काळी हाय व्हय ही?” त्या पुटपुटल्या. “सगळं काढलं बघा. रंग तेवढा काढायचा राहिला.”

बाहेर गाडी हॉर्न देत होती. त्या बाटली डोळ्यांजवळ धरून तशाच उभ्या होत्या.