सहा नंबरची स्लाइड

आमच्या घरात कमावणारे दोघं. एक मी, कचेरीतला कारकून, आणि दुसरी आमची ही, सरकारी हॉस्पिटलातली नर्स. तिला पेशंटची शीर पहिल्या झटक्यात सापडते, मला स्वतःचा चष्मा सापडत नाही. तरी घरात अक्कल शिकवायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे, कारण ती दमून येते आणि मी दमत नाही.

हेडनर्सच्या जागेसाठी तिला समितीपुढे प्रेझेंटेशन द्यायचं होतं. ही जागा तिला मनापासून हवी होती. आधी दोनदा तिला डावललं होतं आणि यंदा हुकली तर पुढे वयाची अट आड येणार होती. विषय तिचा रोजचाच. वॉर्डात पेशंटला या खाटेवरून त्या खाटेवर हलवतात, पण सगळ्यांच्या तोंडी त्याचा जुनाच खाट नंबर राहतो, आणि मग एकाची गोळी दुसऱ्याच्या पोटात जाते. नंबरावर जाऊ नका, नाव विचारा, हे तिचं म्हणणं.

स्लाइड्स मी करतो, असं मी जाहीर केलं. कचेरीत साहेबांच्या स्लाइड्स मीच करतो, या एका गोष्टीवर मी वर्षानुवर्षं मिशीला पीळ देत आलोय. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात बारकी चौकट काढायची, आत आकडा टाईप करायचा आणि चौकट सगळीकडे एकाच जागी येईल अशी डोळे बारीक करून सरकवायची. लेक म्हणाली, बाबा, एकदा सांगितलं की नंबर आपोआप पडतात. मी तिला सुनावलं की आपोआप पडणाऱ्या गोष्टींवर माझा भरवसा नाही. ती खांदे उडवून निघून गेली.

प्रेझेंटेशनच्या दिवशी सकाळी हिने सुचवलं की चुकीच्या औषधाची हकिगत आधी घेऊ, तक्ते नंतर. मी शेवटाकडच्या दोन स्लाइड्स उचलून पुढे आणल्या आणि स्वतःवरच खूश झालो. कोपऱ्यातले जुने आकडेही त्यांना चिकटून पुढे आले, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

कॉम्प्युटरवर अर्थातच मी बसलो, रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून. ही छान बोलली. मग समितीतले मोठे डॉक्टर म्हणाले, ती सहा नंबरची स्लाइड पुन्हा दाखवा. आता, आकडा दाबून एंटर केलं की त्या क्रमावरची स्लाइड थेट समोर येते, ही खुबी मला येते आणि कचेरीत मी त्यावर भाव खातो. मी रुबाबात सहा दाबला. पडद्यावर, कोपऱ्यात चार. पुन्हा दाबला, पुन्हा चारच. मग मी चार दाबून पाहिला, तर नऊ आला.

कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. बायकोच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर मी एका बोटाने पाणी फिरवत होतो, आणि ते बोट काही थांबत नव्हतं.

"अहो, राहू द्या," ही शांतपणे म्हणाली आणि समितीकडे वळली. "साहेब, मी इतका वेळ सांगतेय ते हेच. या स्लाइड्स आज सकाळी हलवल्या, पण जुना नंबर त्यांच्या अंगावर तसाच राहिला. तुम्ही मागताय एक आणि मिळतंय दुसरंच. इथे नुसतं हसू आलं. वॉर्डात त्या जागी माणूस असतो."

या हलवल्या कोणी, असं डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या यजमानांनी. मन लावून काम करतात ते," ती म्हणाली. "वॉर्डात ज्यांच्या हातून चुकतं, तेही मन लावूनच काम करत असतात."

बाहेर जिन्यावर तिने माझा दंड घट्ट धरला. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. तिला नव्हे, मला.

जागा तिला मिळाली. मी लेकीकडून नंबर टाकायला शिकलो, दोन क्लिकचं काम निघालं. ती फाइल दुरुस्त करायला बसलो, तर हिने लॅपटॉप मिटून टाकला. नव्या नर्सेस आल्या की ती त्यांना तीच बिघडलेली फाइल दाखवते. परवा जेवताना मी जरा भीतभीतच विचारलं, की त्या मुलींना माझं नाव सांगतेस का.

"छे," ती म्हणाली. "नाव पेशंटचं विचारायचं. चुकणाऱ्याला विचारायचं, कसं चुकलं."

मी मान खाली घालून जेवलो. खरं सांगायचं तर, नाव सांगितलं असतं तरी मला चाललं असतं.