विचारी मुलगी

आर्णीच्या शाळेत आमचे गुरुजी मारायला शेतातली वाळकी तुराटी टेबलावर ठेवत. शेजारची मैत्रीण प्रश्न संपायच्या आत ओरडायची, "मले येते, गुरुजी!" उतावळी म्हणून तिच्या हातावर आधी तुराटी बसे, उत्तर नंतर. मी थांबून, हळू बोलायची.

"पाहा, कशी विचार करून राह्यली," गुरुजी कौतुकानं म्हणत.

डोंबलाचा विचार! उत्तर तोंडातच असायचं. तुराटी कुठं आहे ते पाहिल्याशिवाय जीभ उचलत नसे, एवढंच.

आता मीच शिकवते. माझ्याही वर्गात एक विचारी मुलगी आहे. मी तिचं कौतुक सगळ्यांना सांगते. काल तिला प्रश्न विचारला. उत्तर देण्याआधी तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

हातात नुसता खडू होता. तो मी खाली ठेवला आणि रिकामा तळहात तिला दाखवला.