‘व्हय म्हाराजा’ म्हणणारी बाई

बायको गेली त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास उडाला होता. खोटं कशाला सांगू. दिवा लावायचो तो सवयीने. मी चौथी शिकलेला, गिरणी संपात सुटली. मुलुंडच्या चाळीत मी आणि माझी मुलगी सुमन, दोघंच उरलो. सुमन वेड्यांच्या इस्पितळात नर्स. तिची पार वाट लागली होती. ड्यूटीवरून आली की भिंतीकडे तोंड करून बसायची. एके दिवशी म्हणाली, “बाबा, आज एका पेशंट बाईवर माझा हात उठला. पडला नाही, पण उठला. मी नोकरी सोडते.” मला वाटलं, बाहेरचं काही लागलंय. मी अंगारा लावला. तीन दिवस ती जागची हलली नाही.

चौथ्या सकाळी नारळ ठेवून गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाक हेच्यातसून सोडव.” पोरीला ह्यातून सोडव, म्हणजे त्या नोकरीतूनच, असं माझ्या मनात होतं. गाऱ्हाण्याला दुसऱ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. आमच्यात ते बायको म्हणायची. सुमन गप्प. मी तसाच हात जोडून थांबलो. तेवढ्यात दारातून आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

दारात अनोळखी बाई. सुमनच्या वॉर्डातली कांबळे सिस्टर, बौद्ध. “आमच्या चाळीत सगळे मालवणीच, काका. ऐकून ऐकून पाठ झालंय,” म्हणाली. मग सुमनकडे वळली, “काय गं, झालं का रडून? माझाही हात उठला होता एकदा. नोकरी मागाहून सोड. वॉर्डाच्या कुलपाला किल्ली लावलीस की लगेच फिरवू नकोस. नाकातून श्वास येतो-जातो तो बघ. राग असला तर आहे म्हण, भांडू नकोस त्याच्याशी. मग उघड.” ध्यानाच्या शिबिरात शिकली होती ती हे.

मी म्हटलं, “एवढ्याने काय होतंय?”

“तुमच्या अंगाऱ्याने किती झालं, काका?”

मी उठून चहा ठेवला.

सुमन कामावर गेली. एका दिवसात काही बदललं नाही. दोन-तीन महिन्यांनी जेवताना बोलायला लागली. राग येतो, पण आधी कळतो, म्हणाली.

मी मात्र दिवसभर नाक्यावर बसून राहायचो. आत कोणी नाही, हे घराचं कुलूप काढताना कळायचं. एका दुपारी किल्ली लावून तसाच उभा राहिलो. श्वास आत, श्वास बाहेर. बायको नाही, म्हटलं. नाही. मग किल्ली फिरवली.

देवाने कशातून सोडवायचं ते मी ठरवत होतो. मी कोण ठरवणारा? त्या बाईला त्याच वेळी दारात कोणी उभं केलं, तेही विचारत नाही. तिचे उपकार मात्र आहेत. आता गाऱ्हाण्यात काही मागत नाही. तुला कळतंय ते कर, एवढंच. घरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कोणी नसलं, तर एका श्वासापुरता थांबतो आणि दिवा लावतो.