साठ खड्ड्यांतला चुना

ज्ञानू सतरा वर्षं फौजेत होता, त्यातली सहा आसामात. तिथली माती आंबट, म्हणून छावणीत झाड लावायचं तर आधी खड्ड्यात चुना पडायचा. एवढं एकच ज्ञान घेऊन हा गडी वडूजजवळच्या आपल्या माळावर परतला आणि स्वतःला मोठा तज्ज्ञ समजू लागला.

त्याच्या आईनं, अंबूबाईनं, चाळीस वर्षं मेंढरांमागं उन्हात काढली होती. म्हातारपणी तरी तिला दारात सावली मिळावी, म्हणून त्यानं आंब्या-जांभळाची साठ रोपं लावली. प्रत्येक खड्ड्यात चुना घातला. पानं पिवळी पडली तेव्हा आणखी चुना घातला. तरी रोपं गुडघ्याच्या वर जाईनात, तेव्हा सगळं खापर मेंढरांवर फोडलं.

"आये, मेंढरांच्या मुतानं माती आंबट झालीया. इकून टाक ती."

ज्या घरची मेंढरं एक रात्र आपल्या रानात बसावीत, लेंड्या पडाव्यात, म्हणून लोक धान्य घेऊन दारात यायचे, त्याच घरचा लेक हे बोलला! अंबूबाईनं मुकाट्यानं मेंढरं विकली. पुढं दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहून तिनं रोपं जगवली.

तरी ती वाढेनात, म्हणून ज्ञानूनं माती तपासायला पाठवली. परवा कराडच्या प्रयोगशाळेतून तपासणीचा कागद आला. आकडे काही कळेनात, म्हणून त्यानं तिथं माती तपासणाऱ्या उत्कर्षाला फोन लावला.

"काका, सामू, म्हणजे पीएच, आठ पूर्णांक नऊ आहे."

"म्हंजे लय आंबट?"

"उलट! आंबट माती सातच्या खाली असते. तुमच्या माळात चुनखडी मुळातच आहे. त्यामुळं झाडाला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात. त्यात वरून चुना कुणी घातला?"

ज्ञानूची नजर दारातल्या पिवळ्या रोपांवर गेली.

"लेंडीखत घाला भरपूर," ती सांगत होती. "मेंढरं बसवली तर उत्तमच. तुमच्याकडं असतीलच की."

फोन बंद झाला तरी तो कानालाच होता. अंगणात आई घागर उचलत होती.

"आये, ठेव ती खाली. झाडांची वाट मीच लावली गं. मेंढरंच पायजे हुती."

"ठाव हाय मला," अंबूबाई म्हणाली. "जल्मभर लोकांची रानं काय उगंच पिकवली व्हय आमी?"

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

तिनं डोक्यावरची चुंबळ सारखी केली.

"तू पयल्यांदाच माज्यासाठी कायतरी लावत हुतास रं."